मुरमांचे वण : उपचारानंतरचे पथ्यपाणी

तारुण्यात चेहऱ्यावर उठणारे मुरूम बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतात; परंतु ज्यांचे मुरूम खोलवर पिकतात, त्यांच्या गालांवर आणि कानशिलांवर मागे राहिलेले खड्डे आपोआप भरून येत नाहीत, आणि म्हणूनच लेसर, रासायनिक पील, सुयांचा रोलर, सबसिजन इत्यादी जे उपचार एके काळी श्रीमंतांचे चोचले समजले जात, ते आज मुंबईतील साकीनाका, मरोळ, असल्फा, जरीमरी अशा कष्टकऱ्यांच्या वस्तीतील तरुण-तरुणीही पगारातून थोडे थोडे पैसे बाजूस टाकून करून घेऊ लागले आहेत. डॉक्टर कोण, यंत्र कोणते, बैठका किती, खर्च किती, याची चौकशी हे लोक बारकाईने करतात. पण उपचाराच्या खोलीतून बाहेर पडल्यावर पुढचे काही महिने त्या चेहऱ्याची निगा कशी राखावयाची, हे सांगणारा छापील कागद रिक्षात बसेपर्यंत खिशात चुरगळून गेलेला असतो. त्या कागदावरील आठ-दहा ओळींमागची कारणे उलगडून सांगावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण एकदा कळले, की पथ्य जाच वाटेनासे होते.

हेतुपुरस्सर केलेली जखम

मुरमाचा खड्डा म्हणजे त्वचेच्या खालच्या थरातील कोलॅजन नामक तंतूंचा झालेला ऱ्हास होय. वरून कितीही मलम चोळले तरी तो थर भरून येत नाही, म्हणून डॉक्टर त्या थरास मुद्दाम, परंतु मोजूनमापून, इजा करतात आणि शरीरास नवे तंतू विणणे भाग पाडतात. रोलरच्या बारीक सुया त्वचेत असंख्य छिद्रे पाडतात. फ्रॅक्शनल लेसरचा किरण उष्णतेने तसेच सूक्ष्म स्तंभ जाळतो आणि मधली त्वचा शाबूत ठेवतो. सबसिजनमध्ये जाड सुई कातडीखाली फिरवून खड्ड्याचा तळ ओढून धरणारे पाश तोडले जातात. आणि टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा थेंब काडीच्या टोकाने टेकवला जातो. हत्यारे निरनिराळी असली तरी तत्त्व एकच: जखम डॉक्टर करतात, ती भरून काढण्याचे काम शरीर करते, आणि हे काम वरची खपली पडल्यावर संपत नाही; आत ते तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, चालू राहते.

जखम झालेल्या मनुष्याने कसे राहावे, हा विषय आपल्या परंपरेस नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणिसावा अध्याय ‘व्रणितोपासनीय’ या नावाने त्याच एका गोष्टीस वाहिलेला असून, व्रणिताचे घर स्वच्छ असावे, तेथे ऊन आणि वारा यांचा उपद्रव नसावा, असे त्यात सांगितले आहे. आणि चिकित्सास्थानात व्रणाचे जे साठ उपक्रम दिले आहेत, त्यांत जखम भरून आल्यानंतर त्या जागेचा वर्ण पूर्ववत करण्याचे उपायही स्वतंत्रपणे मोजले आहेत. त्या काळचे लेप आज लेसर केलेल्या गालावर लावावेत, असा याचा अर्थ कोणी कृपा करून काढू नये. परंतु स्वच्छता, उन्हापासून बचाव आणि वर्णाची काळजी ही जी त्रयी तेथे सांगितली आहे, तीच आजचा त्वचारोगतज्ज्ञही सांगतो. प्रश्न एवढाच उरतो, की ज्या साकीनाक्यात ऊन, धूळ, धूर आणि घाम या चारही गोष्टी दारात उभ्या असतात, तेथे ती अमलात आणावयाची कशी.

पहिले तीन दिवस

उपचाराच्या दिवशी चेहरा लाल होतो, चुरचुरतो, आणि लेसर वा सबसिजन झाले असल्यास सुजतोही. सबसिजननंतर एखाद-दोन आठवडे निळसर-जांभळा डाग दिसत राहतो. यांत घाबरण्यासारखे काही नाही. सूज उतरावी म्हणून दोन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपावे, बर्फ लावण्याची परवानगी मिळाली असल्यास तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ टेकवावा, उघडा कधीही घासू नये.

चेहरा केव्हापासून धुवावयाचा हे डॉक्टरांनी सांगितलेले असते, त्याआधी धुऊ नये, आणि धुताना पाण्याची खबरदारी घ्यावी. काजूपाडा किंवा जरीमरीच्या चढावरील ज्या घरांत पाणी ठरावीक वेळेस येते आणि उरलेला दिवस पिंपात साठवलेले वापरावे लागते, त्या घरांत पहिले काही दिवस चेहऱ्यापुरते पाणी उकळून, गार करून, झाकण असलेल्या भांड्यात निराळे ठेवावे, हे बरे. साबण, स्क्रब, फेस येणारा तीव्र फेसवॉश यांस सुट्टी द्यावी. सौम्य क्लिन्झर सांगितला असेल तर तोच वापरावा. तोंड पुसण्याचा पंचा धुतलेला, उन्हात वाळवलेला आणि केवळ आपल्या वापराचा असावा. पुसणे म्हणजे घासणे नसून नुसते टिपणे होय. उशीचा अभ्रा पहिल्या आठवड्यात रोज बदलावा, आणि दिवसभर गालाशी लागणारा मोबाइल फोन कानाशी न धरता हेडफोनने बोलावे.

लेसरनंतर त्वचा कोरडी पडू देणे ही फार मोठी चूक ठरते. जखम उघडी राहून ‘सुकली’ की लवकर बरी होते, असा जो समज घरोघरी आहे, तो येथे लागू पडत नाही. ओलसर राहिलेल्या पृष्ठभागावर नवी कातडी अधिक वेगाने सरकते, म्हणून साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम पातळ थराने दिवसातून तीन-चार वेळा लावीत राहावे. रोलरनंतर मात्र अशा लेपाची गरज बहुधा भासत नाही, आणि ज्यांना अजून मुरूम येत आहेत त्यांनी कोणते मॉइश्चरायझर चालेल हे विचारूनच घ्यावे.

खपलीचा आठवडा

लेसरनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गालावर तपकिरी ठिपक्यांची बारीक जाळी उमटते, हात फिरवला तर कातडी पॉलिशपेपरसारखी खरखरीत लागते, आणि आम्ल टेकवलेल्या प्रत्येक खड्ड्यावर स्वतंत्र काळी खपली धरते. पाचव्यापासून सातव्या दिवसापर्यंत, काहींच्या बाबतीत दहाव्या दिवसापर्यंत, हे सारे आपणहून झडते. नखाने काढलेली प्रत्येक खपली आपल्यासोबत अर्धवट तयार झालेली कोवळी कातडी उपटून नेते आणि तेथे नवा डाग, क्वचित नवा खड्डाही, निर्माण होतो. तेव्हा जो वण घालविण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच स्वहस्ते पुन्हा कोरण्याचा हा प्रकार होय. रात्री झोपेत हात जात असेल तर नखे आधीच कापून ठेवावीत; खाज असह्य झाल्यास डॉक्टर खाजेची गोळी देतात.

पुरुषांपुढे दाढीचा प्रश्न येतो. खपल्या पूर्ण झडेपर्यंत वस्तरा मनाई समजावा. निकड असेलच तर कातडीस न लागणारा ट्रिमर, तोही डॉक्टरांच्या मुभेने. न्हाव्याकडे दाढीनंतर तुरटी फिरवण्याचा जो शिरस्ता आहे तो, आणि अल्कोहोलयुक्त आफ्टरशेव्ह, या दोहोंस काही आठवडे रजा द्यावी. स्त्रियांनी थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच आणि फेशियल निदान दोन आठवडे, लेसरनंतर महिनाभर, टाळावे. पार्लरमधील ओळखीच्या ताईंनी आग्रह केला तरी त्यांस नम्रपणे नकार द्यावा. मेकअप नव्या कातडीने पृष्ठभाग बंद केल्यावाचून लावू नये. कपाळावर उपचार झाला असल्यास कुंकू, अष्टगंध आणि डिंकाची टिकली हीसुद्धा तेवढ्या मुदतीपुरती बाजूस ठेवावीत, कारण त्यांतील रंगांची व चिकट द्रव्यांची ॲलर्जी धडधाकट कातडीसही होऊ शकते.

ऊन : मुख्य प्रतिपक्षी

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेस निसर्गाने रंगद्रव्याचा जो मुबलक पुरवठा केला आहे, तो एरवी उन्हापासून संरक्षण देतो. परंतु जखमेच्या वेळी तोच उलटतो. दाह झाला की रंगपेशी चेतवल्या जातात आणि दोन ते सहा आठवड्यांत उपचाराच्या जागी तपकिरी-काळे डाग उमटतात. गोऱ्या कातडीच्या मानाने आपल्याकडे ही तक्रार कितीतरी अधिक आढळते, आणि तीस खतपाणी घालण्याचे काम ऊन करते.

मुंबई सुमारे एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर वसलेली असल्यामुळे सूर्य येथे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, थेट माथ्यावर येतो. पैकी दुसऱ्या वेळी पावसाळा ऐन भरात असतो आणि ढगांआडून येणारे किरण कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. म्हणून पावसाळ्यात सनस्क्रीन लागत नाही, हा समज सोडून द्यावा. त्याचप्रमाणे अंधेरी-कुर्ला रस्त्यावर डोक्यावरून गेलेल्या मेट्रोच्या पुलाची सावली, रिक्षाचे छत किंवा बसची काच यांवर सर्वस्वी विसंबू नये: रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी असते, आणि काच भाजणारे किरण अडवीत असली तरी रंग काळवंडविणारे दीर्घ लहरींचे अतिनील किरण तिच्यातून पुष्कळसे आत येतात.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक आणि दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून बचाव करणारे घ्यावे. डागांचा कल असणाऱ्यांनी लोहाचे ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन घेतल्यास दृश्य प्रकाशापासूनही काहीसे संरक्षण मिळते. ते उघड्या जखमेवर लावावयाचे नसते. पृष्ठभाग बंद झाल्यावर, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करावे, आणि तोपर्यंत छत्री, रुंद काठाची टोपी वा सुती ओढणी यांचाच आश्रय करावा. प्रमाणाबाबत बहुतेकांची कसूर होते. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन भरघोस रेघा, एवढे सनस्क्रीन चेहरा आणि मान यांस लागते; वाटाण्याएवढा ठिपका सर्वत्र फासल्याने पाकिटावर छापलेले संरक्षण मिळत नाही. घराबाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे, दर दोन-तीन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे. हा क्रम निदान तीन महिने चालवावा. खरे म्हणजे तो पुढेही सोडण्याचे कारण नाही.

कामाची जागा

ज्यांचे पोट खैरानी रोडवरील गाळ्यांत किंवा साकीविहार रस्त्याच्या बाजूच्या कारखान्यांत भरते, त्यांस वरील पथ्याखेरीज आणखी काही सांगणे अवश्य आहे. वेल्डिंगच्या ठिणगीबरोबर अतिनील किरणांचा तीव्र झोत बाहेर पडतो, आणि तो वेल्डरइतकाच बाजूस उभ्या असलेल्या मदतनिसाच्या चेहऱ्यावरही पडतो. नव्या कातडीवर तो पडणे म्हणजे उघड्या उन्हात उभे राहण्याहूनही वाईट. फरसाणाची कढई, बेकरीची भट्टी, इस्त्रीचे टेबल यांपुढे चेहरा तापतो व घामाने निथळतो. धातूच्या पॉलिशचा बारीक कण आणि मुलाम्याच्या टाकीची वाफ कोवळ्या कातडीस झोंबते. म्हणून लेसर किंवा खोल पील करावयाचे असल्यास साप्ताहिक सुट्टीस जोडून पाच-सात दिवसांच्या रजेची तजवीज आधीच करावी, आणि ती मिळण्यासारखी नसेल तर तसे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे, म्हणजे ते कमी दिवसांत भरून येणारा, सौम्य उपचार निवडतील. रजा मिळेल असे भासवून लेसर करून घेणे आणि तिसऱ्या दिवशी भट्टीपुढे उभे राहणे, यापेक्षा रोलरच्या एक-दोन बैठका जास्त घेणे केव्हाही परवडले.

दुचाकीवरून जाणाऱ्यांनी हेल्मेटचे आतले अस्तर धुऊन घ्यावे, पट्टा जबड्यावर घासत असेल तर मध्ये धुतलेले सुती फडके घालावे. धुळीपासून बचाव म्हणून तोंडास बांधलेला रुमाल रोज धुतलेला नसेल तर तोच घाण पोचविण्याचे साधन होतो. व्यायामशाळा आणि पोहणे आठवडाभर बंद ठेवावे.

घरचे उपाय आणि मेडिकलमधील मलम

चेहरा लाल दिसू लागताच शेजारपाजारच्या मावशी-काकूंकडून लिंबू, हळद, बेसन, टूथपेस्ट यांच्या शिफारशी येऊ लागतात. त्यांची माया खरी, परंतु लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात, हळदीने काहींस पुरळ येते, आणि बेसनाचे घर्षण कोवळ्या कातडीस सोसत नाही.

त्याहून मोठा धोका मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या ‘गोरे करणाऱ्या’ मलमाचा. अशा पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते; लावताच लाली ओसरते, रंग उजळतो, आणि मनुष्य भुलतो; परंतु काही आठवड्यांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम पूर्वीपेक्षा जोमाने उठतात, आणि मलम थांबविताच चेहरा आग ओकू लागतो. हा प्रकार देशभर इतका बोकाळला, की २०१८ साली केंद्र शासनास चौदा स्टिरॉइडयुक्त द्रव्यांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशी अधिसूचना काढावी लागली. काळे डाग उमटलेच तर त्यांवर ॲझेलाइक आम्ल, हायड्रोक्विनोन इत्यादी औषधे आहेत. पण कोणते, किती आणि किती दिवस, हा निर्णय तज्ज्ञाचा.

मुरमांवर लावावयाची रेटिनॉइडची मलमे उपचारापूर्वी बंद केलेली असतात. ती आपल्या मनाने सुरू करू नयेत, बहुधा एक-दोन आठवड्यांनी परवानगी मिळते. मात्र मुरमांवरचा मूळ इलाज सुटता कामा नये, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एकीकडे जुने खड्डे भरीत राहावयाचे आणि दुसरीकडे नवे मुरूम पिकू द्यावयाचे, म्हणजे काम कधीच संपावयाचे नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची जखम उशिरा भरते, मधुमेह ताब्यात नसणाऱ्यांचीही. आहारात डाळी, उसळी, दूध, अंडी असू द्यावीत, तिखट-मीठ सोडण्याचे कारण नाही.

डॉक्टरांकडे तातडीने केव्हा जावे

दिवसागणिक वेदना आणि सूज कमी होत गेली पाहिजे. ती तिसऱ्या दिवसानंतर वाढू लागली, पू किंवा मधासारखी पिवळी खपली दिसली, ताप भरला, तर त्याच दिवशी दाखवावे. तापात ओठाच्या कडेला ज्या पाणीदार पुळ्यांचा झुपका उठतो, तसा झुपका उपचाराच्या जागी उठल्यास एक रात्रही थांबू नये, कारण तो विषाणू सोललेल्या कातडीवर झपाट्याने पसरतो आणि नवे वण सोडून जातो; ज्यांस अशा पुळ्या पूर्वी येऊन गेल्या आहेत, त्यांनी ते आधीच सांगावे, म्हणजे प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. कान टोचल्यावर गाठ धरलेल्यांनी, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती असलेल्यांनीही ही कैफियत लपवू नये. जबड्याच्या कडेला वण जाड, उंच आणि खाजरा होऊ लागला तर लवकर दाखविल्यास तो आटोक्यात येतो.

उपचार ज्यांच्याकडे झाला तेथे दाद लागत नसेल तर महापालिकेचा मार्ग खुला आहे: मेट्रोने घाटकोपर आणि तेथून लोकलने शीव गाठल्यास लोकमान्य टिळक रुग्णालयात, तर अंधेरीच्या बाजूने विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना आधीचे सर्व कागद बरोबर न्यावेत. ज्या कागदावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक नाही, अशा ठिकाणी लेसर वा रोलर करून घेण्याच्या भानगडीत मुळातच पडू नये.

मुदत आणि खर्च

फळ दिसण्यास वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात सुजेमुळे खड्डे भरल्यासारखे वाटतात, सूज उतरताच पुन्हा दिसतात, आणि पुष्कळ जण येथेच निराश होतात. खरा फरक तीन महिन्यांनंतर मोजावा, तोही एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी काढलेल्या छायाचित्रांवरून. खड्डे उथळ होतात, समूळ नाहीसे बहुधा होत नाहीत. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, म्हणून लग्न ठरल्यावर धावाधाव करून उपयोग नाही: शेवटची बैठक आणि हळद यांच्यामध्ये निदान दोन-तीन महिने असावेत, आणि ते शक्य नसेल तर बैठक लग्नानंतर घ्यावी, नववधूच्या वा नवरदेवाच्या कोवळ्या गालावर हळद चोळण्याचा प्रसंग आणू नये.

शेवटी हिशेबाची गोष्ट. हजारो रुपये बैठकांवर खर्चणारे लोक सनस्क्रीनची नळी महिन्याऐवजी चार महिने पुरवितात, असे सर्रास दिसते. वर सांगितलेल्या मापाने ती भराभर संपते, आणि संपलीच पाहिजे. तेव्हा उपचाराचा अंदाज काढताना सनस्क्रीन, मॉइश्चरायझर आणि बुडणारी रोजंदारी हे तिन्ही आकडे त्यात धरावेत. बेरीज आवाक्याबाहेर जात असेल तर एक बैठक कमी करावी, पण या तीन बाबींना कात्री लावू नये. चार बैठका आणि पुरते पथ्य यांतून जे हाती लागते, ते सहा बैठका आणि अर्धवट पथ्य यांतून लागत नाही.